क्लायंट म्हणाला, "तिला मारणार"; गुपित राखायचं की फोडायचं?

अर्धविराम:
इथे बोललेलं बाहेर जात नाही, या भरवशावरच माणूस मानसशास्त्रज्ञासमोर तोंड उघडतो. पण तो म्हणाला, "मी तिला मारणार आहे", तर?

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत हेच झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रोसेनजित पोद्दारने विद्यापीठाच्याच रुग्णालयातल्या लॉरेन्स मूर या मानसशास्त्रज्ञाला तसा इरादा सांगितला. रोख त्याच्या ओळखीच्या तातियाना तारासॉफ या तरुणीवर होता. मूर यांनी कॅम्पस पोलिसांना कळवलं. पोलिसांना तो ताळ्यावर वाटला, तिच्यापासून लांब राहायचं त्याने कबूल केलं आणि सुटला. २७ ऑक्टोबरला त्याने तिचा खून केला. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीही सावध केलं नव्हतं. आईवडील कोर्टात गेले.

माझं मत सरळ आहे: गुपित फोडावं. "नीतिसंहितेत बसत नव्हतं" हे त्या आईला सांगायला कोण जाणार?

काठावरचा:
आईला मध्ये आणलं की वाद संपतो असं वाटतं का? पोलिस येऊन गेल्यावर पोद्दारने उपचारच सोडले, हे सोयीस्कर गाळलंत. मनातलं ओकायची एक जागा होती, तीही गेली. त्या खटल्यात न्यायमूर्ती क्लार्क यांनी निकालाच्या विरोधात मत नोंदवलं ते याच कारणाने: गुप्ततेची हमी गेली, तर असे लोक उपचाराकडे फिरकणार नाहीत आणि हिंसा वाढेल. आणि कोण खरंच मारेल हे आधी सांगायला मानसशास्त्र म्हणजे ज्योतिष नव्हे.

कलम-पोटकलम:
निकाल दोन आहेत, त्यांची गल्लत होतेय. १९७४ चा म्हणत होता इशारा द्या. फेरसुनावणीनंतर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शब्द बदलला: संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घ्या. मग ते त्या व्यक्तीला सांगणं असेल, पोलिसांना कळवणं असेल किंवा आणखी काही. उलट टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असं कर्तव्य लादायला नकार दिला. एकाच देशात एका राज्यात गप्प बसलात तर दावा, दुसऱ्यात तोच दावा टिकत नाही. तेव्हा "फोडावं" असं सरसकट सांगण्याआधी आपण कुठे बसून प्रॅक्टिस करतोय ते बघा.

रिकामी खुर्ची:
मी हेच काम करते. "मारून टाकीन त्याला" हे वाक्य सेशनमध्ये इतक्यांदा येतं, की प्रत्येक वेळी फोन उचलला तर दुसरं काही व्हायचंच नाही. राग निराळा, बेत निराळा. मी विचारते: कधी? कशाने? ते घरात आहे का? उत्तरं धडाधड आली की पेन खाली ठेवते आणि पुढचं सगळं सोडून तेवढंच बोलते. त्याच दिवशी सुपरवायझरला फोन. शक्य असेल तर कळवण्याआधी क्लायंटला तोंडावर सांगते, "हे मी आता माझ्याजवळ ठेवू शकत नाही."

अपवाद पहिल्याच सेशनला सांगावे लागतात, सही घेण्याआधी, तोंडी. एक जण पेनाचं टोपण काढून थांबला आणि म्हणाला, "म्हणजे कुठे थांबायचं ते कळलं." पुढची सहा सेशन्स तो फक्त झोपेबद्दल बोलला. सातव्याला खरा विषय निघाला. म्हणून काठावरच्यांचं अर्धं पटतं: अपवाद सांगितले की लोक जपून बोलतात. पण न सांगता फोडलं, तर ती फसवणूकच.

अर्धविराम:
बेत ठरलेला असेल तरच, एवढी सुधारणा मान्य. पण तारासॉफ प्रकरणात मला सगळ्यात खुपतं ते निराळंच. मूर यांनी पोलिसांना लिहिलेलं पत्र आणि उपचाराच्या नोंदी नष्ट करायला त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं. म्हणजे गुप्तता नेमकी कुणाची? क्लायंटची की संस्थेची? काठावरचे यावर बोला.

काठावरचा:
ते समर्थनीय नाहीच, त्यावर वाद नाही. मला दुसरं विचारायचंय, तेही रिकामी खुर्चींना. टोपणवाल्या माणसाची गोष्ट तुम्ही इथे चारचौघांत सांगितलीत. त्याला विचारलं होतं?

रिकामी खुर्ची:
ओळख पटेल असं सगळं बदललंय. सेशन्सचा आकडाही खरा नाही.

काठावरचा:
विचारलं होतं का, एवढंच विचारलं.

रिकामी खुर्ची:
नाही.