हॅझर्ड लावला की टेललॅम्प उलट्या तालात उघडझाप करतो, भानगड काय?

तालीमवाला

मंडळी नमस्कार. गाडी दीडशे सीसी, २०१८ ची, मी दुसरा मालक. कंपनीचा हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करणारा) नव्हता, गेल्या वर्षी वेगळा स्विच बसवून घेतला. इंडिकेटरचे बल्ब साधेच, दहा वॅटचे. एलईडीच्या नादाला लागलेलो नाही.

रविवारी गगनबावड्याला गेलो होतो. कळ्याच्या पुढं पाऊस लागला आणि वर घाटाच्या तोंडाला असलं धुकं, की पुढच्या गाडीचा नंबर वाचता येईना. चहासाठी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून हॅझर्ड लावला. मागनं दुधाचा टेंपो आला, काच खाली करून म्हणतो, "पावणं, मागं अंधार हाय की तुमच्या." उतरून बघतोय तर पुढचे दोन झकास, मागचे दोन ठार. एवढंच असतं तर बल्ब उडाले म्हणून सोडून दिलं असतं. पण टेललॅम्प! पुढचे पेटले की हा विझतो, ते विझले की हा पेटतो. सासू-सुनेचं चालल्यासारखं.

घरी येऊन नीट बघितलं. डावा इंडिकेटर लावला की पुढचा डावा ठळक, मागचे दोन्ही तांबूस, आणि न बोलावता पुढचा उजवापण किंचित पेटतो. टिकटिक घाईची. हॅझर्डला मात्र टिकटिक नेहमीच्या वेगानं. नुसता ब्रेक दाबला तर चारही इंडिकेटर मिणमिणतात.

मेकॅनिकनं फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करवणारी डबी) बदलला, १८० रुपये गेले, फरक शून्य. आता म्हणतोय अख्खी वायरिंग बदलूया. बदलू का?

पुईखडी एक्स्प्रेस

भावा, त्या बाहेरनं बसवलेल्या स्विचमुळंच झालंय सगळं. आत डायोड असतात, करंट एकाच दिशेनं सोडणारे, एक शॉर्ट झाला की डाव्याचं उजव्याला जातंय. माझ्या गाडीला हेच झालतं. काढून फेक.

तालीमवाला

स्विचचा कपलर काढून बघितला. डाव्याची तऱ्हा तीच.

घाटवेडा

विषय सोडून सांगतो, चालत्या गाडीवर धुक्यात हॅझर्ड लावणारे लई झालेत. वळताना इंडिकेटर कळतच नाही मागच्याला. तुम्ही थांबून लावला ते बरं केलं.

उद्यमनगरी

वायरिंग बदलू नका. फ्लॅशरचे पैसे उगाच गेले, स्विचपण बिचारा निर्दोष आहे. मागची अर्थिंग गेलीय.

मागं टेल, ब्रेक आणि दोन इंडिकेटर, असे चार फिलामेंट. चौघांना बॅटरीच्या मायनसकडं परतायला वायर एकच. ती सुटली की करंट शेजाऱ्याच्या घरातनं वाट काढतो. तुम्ही डावा लावता, तेव्हा तो मागच्या डाव्यातनं मागच्या उजव्यात शिरतो, तिथनं उजव्याच्या वायरनं पुढच्या उजव्या बल्बात, आणि पुढची अर्थिंग शाबूत असल्यानं तिथनं परत. एकाचे बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले, म्हणून तिघे तांबूस. लोड कमी पडला, फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय, म्हणून ती घाई.

हॅझर्डला ही चोरवाट बंद होते, कारण दोन्ही बाजूंना एकदमच बारा व्होल्ट येतात. शेजारी शिरायला जागा नाही, मागचे ठार. पुढचे दोन मिळून वीस वॅट, आणि एका बाजूचा रोजचा लोड तेवढाच असतो. म्हणून टिकटिक बरोबर. तुम्ही टिकटिकीचं लिहिलं नसतं तर मीसुद्धा आधी स्विचच म्हटलं असतं.

आता टेललॅम्प. २०१७ च्या एप्रिलपासनंच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू, त्याच्याबरोबर टेलपण. हॅझर्ड विझलेला असतो तेव्हा टेलचा करंट इंडिकेटरांतनं पुढं जाऊन परततो. पाच वॅटच्या टेलपुढं ते थंड, जाड फिलामेंट म्हणजे जवळजवळ नुसती वायर. ते पेटत नाहीत, टेल पेटतो. हॅझर्ड पेटला की टेलच्या दोन्ही टोकांना बारा-बारा व्होल्ट. फरकच नाही, तर पेटणार कशावर?

पण मला काळजी ब्रेकलाइटची वाटते. एकवीस वॅटच्या फिलामेंटला जेमतेम तिसरा हिस्सा व्होल्टेज मिळत असणार. गगनबावड्यापासनं कोल्हापूरपर्यंत पावसात तुम्ही ब्रेकलाइट नसल्यासारखेच आलाय.

बघायचं कसं, तर हातभर वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टेललॅम्पच्या होल्डरच्या अर्थ पिनला. सगळं सुरळीत झालं तर निदान पक्कं. मल्टिमीटर असेल तर त्याच दोन जागी लावून ब्रेक दाबा. शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. मग ती अर्थची वायर हातात धरून सीटखाली मागं मागं जावा. रंग कंपनीप्रमाणं बदलतो. कुठंतरी थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, बोल्टला कसलेलं सापडेल. मागच्या बाजूला अलीकडं काही काम केलंय का?

तालीमवाला

काका, शेवटच्या प्रश्नाला हात जोडले.

मीटर लावला, ब्रेक दाबला, ८.१ व्होल्ट. वायर लावून बघितली तर चारही इंडिकेटर दिवाळीसारखे. सीट काढली, वायर धरून मागं गेलो, तर थिंबल टेललॅम्पच्या ब्रॅकेटवर. आणि ते ब्रॅकेट काळंकुळकुळीत, गुळगुळीत! गणपतीआधी कॅरिअर पावडर कोटिंगला दिला होता, तेव्हा हौसेनं ब्रॅकेटपण दिलं. कोटिंगमधनं करंट जात नाही, आणि त्याच्यावरच थिंबल कसलेलं. इतके दिवस बोल्टच्या आट्यांतनं जेमतेम संपर्क होता असणार, रविवारच्या पावसात आटे गंजले आणि तोपण गेला.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी केली, थिंबल घासलं, नवा बोल्ट टाकला. आता मीटर ०.०५ दाखवतोय. बायकोला मागं उभं करून ब्रेक दाबला, म्हणाली डोळ्यावर येतोय.

उद्यमनगरी

उघड्या पत्र्यावर बोल्ट कसून झाल्यावर वरनं ग्रीसचा हात फिरवा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत इथंच भेटू. आणि कोटिंगवाल्याशी भांडायला जाऊ नका. त्यानं दिलेलं सगळं रंगवलं, तुम्ही बोल्टच्या जागी टेप लावून द्यायची.

तालीमवाला

ग्रीस लावलं. जुना फ्लॅशर परत चढवलाय, नवा दुकानदार परत घेईना. दोन पिनचा आहे, कुणाच्या गाडीला बसत असेल तर राजारामपुरीत येऊन घेऊन जावा, चहा पाजला तरी चालेल.