पॅनिक अटॅक : रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग शरीरात नेमकं होतं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला पॅनिक अटॅक येतात. घर मुलुंडला, नोकरी दादरला. पहिला अटॅक लोकलमध्ये आला, घाटकोपर सुटल्यावर. छातीत धडधड, ओठ बधिर, बोटांना मुंग्या आणि 'आता मी वाचत नाही' अशी खात्री. लोकांनी कुर्ल्याला उतरवून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), नंतर टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. पुढे सायकिअ‍ॅट्रिस्टनी निदान केलं, गोळी सुरू आहे, थोडा फरकही आहे.

अडचण बाबांची आहे. त्यांचा विश्वास फक्त रिपोर्टवर. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, मनाचे खेळ. हे रोज ऐकून भाऊ आता गोळ्या बंद करायचं म्हणतोय. म्हणून बाबांना पटेल असं शारीरिक कारण शोधत मी बरंच वाचलंय. जे कळलं ते लिहिते, चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

एकदा घरीच अटॅक आला तेव्हा भावाच्या हाताची बोटं आकडली. बाबा स्वतः त्याचं एकेक बोट धरून सरळ करत होते. ऑक्सिमीटरवर मात्र ९९. भीतीने श्वास भरभर चालला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आकडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. म्हणजे ऑक्सिजन पुरेसा असतानाही माणसाला गुदमरल्यासारखं होतं. (कागदी पिशवीत श्वास घ्यायला कृपया सुचवू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे, डॉक्टर आता नकोच म्हणतात.)

पण ही झाली अटॅक सुरू झाल्यानंतरची गोष्ट. तो सुरू का होतो? १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लूर यांनी रुग्णांना शिरेतून सोडियम लॅक्टेट दिलं, तर बहुतेकांना अटॅक आला. निरोगी लोकांना क्वचितच. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक खोल श्वास दिला तरी बऱ्याच रुग्णांत असंच होतं. त्यावरून मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडलं की मेंदूतला गुदमरण्याचा इशारा देणारा भाग या लोकांत कारण नसताना वाजतो. मला हे फार पटलं.

इथून पुढे माझा गोंधळ आहे. भीतीचं केंद्र म्हणून सगळीकडे मेंदूतल्या अमिग्डाला या भागाचं नाव येतं. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की अमिग्डालातल्या पेशी कार्बन डायऑक्साइडने वाढलेली आम्लता थेट ओळखतात आणि त्यातून भीती निर्माण होते. पण २०१३ मध्ये दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना तोच वायू हुंगायला दिला. त्यांच्यातली एक, एस. एम. (अभ्यासात तिला याच अद्याक्षरांनी ओळखतात), साप, कोळी कशालाच घाबरत नाही. तरी तिघींनाही पॅनिक अटॅक आला! मग इशारा नक्की कुठून सुटतो? मेंदूच्या देठातून? आणि अमिग्डाला एरवी त्याला आवर घालतो का?

दुसरं. २०११ च्या एका अभ्यासात रुग्णांच्या अंगाला दिवसभर यंत्रं लावून ठेवली होती. त्यांना 'अचानक' वाटलेल्या अटॅकच्या जवळजवळ तासभर आधीपासून श्वासात आणि हृदयाच्या ठोक्यांत अस्थिरता होती, त्यांच्या नकळत. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांचं १९८६ चं म्हणणं असं की धडधडीचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावल्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. या विचारावर उभी असलेली सीबीटी (विचार आणि वागणूक बदलत नेणारी मानसोपचार पद्धत) गुणकारी आहे हेही सिद्ध झालंय. ही दोन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत असं मला वाटतं. बरोबर आहे का?

जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के धरतात. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, जीव घाबरतो म्हणून मध्यरात्री उठून गॅलरीत जाऊन बसायची. हे बाबाच सांगतात. त्यावरून निदान करता येणार नाही हे कळतं, पण हा विषय त्यांच्याशी काढावा की त्यांना लागेल?

शिवाय ठाणे ते दादर पट्ट्यात मराठीतून सीबीटी करणारं कुणी माहीत आहे का? नुसतं समुपदेशन नको. मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावून, खुर्चीत गरगर फिरवून त्या संवेदनांची भीती घालवतात, ते करणारं हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात लावून ठेवलाय, तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या अपॉइंटमेंटला बाबा बरोबर यायला कसेबसे तयार झालेत. त्यांच्यासमोर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू, तेही सुचवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.