वेळास-बाणकोटच्या पायवाटांवर बाण रंगवायचे का?

चाकरमानी
आमच्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव निघाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात सावित्री नदीच्या मुखाशी वेळास, बाणकोट, वेसवी ही गावं आहेत. त्यांच्यामधल्या जुन्या पायवाटा साफ करायच्या, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) जांभ्यावर आणि झाडांवर रंगाने बाण काढायचे आणि सगळ्या वाटा मोबाईलच्या नकाशावर टाकायच्या. निम्मे हो म्हणाले, निम्मे भडकले. म्हणून इथे विचारतोय.

माझं मत हो. महाबळेश्वरात उगवलेली सावित्री पोलादपूर, महाड करत इथे समुद्राला मिळते. पलीकडे हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा हिंमतगड. १७५६ च्या तहात पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना दिलं, त्यांनी गडाचं बारसं फोर्ट व्हिक्टोरिया असं केलं. १८१८ पासून १८२२ पर्यंत दक्षिण कोकणचं मुख्य ठाणंही इथेच होतं, मग ते रत्नागिरीला गेलं. वेळास तर नाना फडणवीसांचं मूळ गाव. हे सगळं एका दिवसाच्या चालीत बसतं. आणि पाहुणे करतात काय? मार्चमध्ये येतात, सकाळ-संध्याकाळ कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघतात आणि मधला दिवस पंख्याखाली लोळून काढतात. वाटा दाखवल्या तर एका मुक्कामाचे दोन होतील. पैसे गावातच राहतील.

तांबडी माती
मी गावात राहते, म्हणून स्पष्ट बोलते. वाट म्हणजे मोकळी पडलेली जागा नाही. ती कुणाच्या कलमांतून जाते, कुणाच्या गोठ्यामागून, कुणाच्या न्हाणीघराच्या चार हातांवरून. आम्ही एकमेकांच्या अंगणातून जातो कारण जाताना हाक मारतो. नकाशा बघत येणारा हाक मारत नाही. गेल्या मोसमात पाच जण सरळ पडवीत आले आणि पाणी मागायच्या आधी वायफाय आहे का विचारलं.

दुसरं कासवांचं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने आणि गावातल्या पोरांनी मिळून घरटी राखली, अंड्यांची चोरी थांबवली, तेव्हा कुठे आज पाहुणे येतायत. मादी रात्रीची येते. पिल्लं उजेडाकडे जातात. पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागून असलेल्या वाटेवर रात्री बॅटऱ्या चमकल्या तर ती समुद्राऐवजी भलतीकडे वळतील. ती वाट तुमच्या नकाशावर नकोच.

चाकरमानी
रात्रीचं मान्य. ती वाट वगळू. पण पाच उद्धट पोरांवरून सगळ्यांनाच दार लावायचं हे पटत नाही.

भरती-सुकती
मुद्दा वेगळाच आहे. खाडीकाठची वाट ही दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते. रंगवलेल्या बाणाला पाण्याची वेळ कळत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बघा. पायऱ्या उतरून खडकांवरून वाट जाते, भरतीला तिथे लाटा चढतात, फलकही आहेत, तरी माणसं वाहून गेली आहेत. फलक वाचून कोण थांबतो?

आमच्याकडे पोराला शाळेत घालायच्या आधी हिशेब शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. घड्याळात थोडं इकडेतिकडे होतं, पण जीव वाचतो. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, वेगळा. उधाणाला खाजणातल्या बांधावरूनसुद्धा पाणी जातं आणि मागे उरतो तो मांडीभर चिखल. त्यात तिवराची उभी मुळं. बूट तिथेच राहतात.

चाकरमानी
मग वाटेच्या तोंडाशी भरतीचं वेळापत्रक लावू.

उगाच_आपला
आधी फलक, मग फलकावर फोटो, मग फोटो कुणाचा यावरून दोन गट. वाट तशीच राहील, गवत कंबरेएवढं.

सातबारा
इथे सगळे पर्यटकांवरून भांडतायत आणि वाटा मात्र भलतंच कुणीतरी गिळतंय. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) जमीन बाहेरचा माणूस घेतो, पहिल्या महिन्यात चिऱ्याचं कंपाउंड घालतो, गेटला कुलूप. पाखाडी आत गेली. गावातलं कुणी बोलत नाही, कारण हल्ली सगळे रिक्षाने जातात, वाटेची आठवण म्हाताऱ्यांनाच. वाट मोडते ती वापर थांबल्यामुळे. चार ट्रेकर आले म्हणून मोडलेली वाट मी तरी पाहिलेली नाही.

उपअधीक्षक भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात गाव नकाशाची प्रत मागा. त्यावर पाऊलवाट एका तुटक रेषेने असते, रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. तुमची वाट तिथे असेल तर निम्मी लढाई जिंकलात. नसेल तर वहिवाट सिद्ध करावी लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ वाचा: वीस वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर हवा. आणि शेताकडे जाणारी वाट कुणी नव्याने अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. पण सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात की दिवाणी कोर्ट, आणि मग नातवंडं तारखांना जातील.

एक लक्षात घ्या, हा हक्क शेतकऱ्याचा आहे, फिरायला आलेल्याचा नाही. म्हणून वाट आधी सरकारी कागदावर आणा. मोबाईलच्या नकाशाला तहसीलदार कचेरीत कुणी विचारत नाही.

तांबडी माती
कायदा बरोबर असेल. पण बाहेरच्याच्या कंपाउंडविरुद्ध अर्ज केला की शेजारी म्हणणार, मग माझ्या दिराने गडगा दोन हात पुढे घेतलाय त्याचं काय? एक वाट कागदावर आणायची तर दहा भावक्या उकरल्या जातात. म्हणूनच कुणी जात नाही कचेरीत. घाबरतात म्हणून नव्हे.

सातबारा
हे मात्र खरं आहे. यावर माझ्याकडे कलम नाही.

सडाफुली
रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. जांभा सच्छिद्र असतो, त्यात मुरलेला ऑइलपेंट निघत नाही. कातळावर एकदा बाण काढलात तर तो तुमच्या मागे राहणार. जून ते सप्टेंबर याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद उगवतात. दीपकाडी तर मुख्यतः कोकणातल्या सड्यांवरची, पहिल्या पावसात येते आणि लगेच जाते. गाडीचं एक चाक फिरलं की त्या वर्षीची फुलं संपली.

तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी वाढली, दिवसाला ३ हजारांची मर्यादा आली, जाळीचं कुंपण आलं. कुंपणाने गुरांची चराई थांबली, उंच गवत माजायला लागलं म्हणून ओरड झाली, शेवटी जाळी काढली. माणूस आणि गुरं चालतात म्हणूनच सडा सडा राहतो. चालू द्या, पण पायी. गाड्या गावातच थांबवा.

महाडचा
कातळावर फुरसं असतं, हे मुंबईच्या बैठकीत कुणी सांगितलं का? दगडाच्या रंगात मिसळून बसतं. ट्रेकर सँडल घालून येतात. विंचूही आहेत. विंचूदंशावर प्राझोसिन देऊन माणसं वाचवता येतात हे आमच्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं, पण रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचायला तर हवा. वेळासहून महाड काय जवळ आहे?

म्हणून सोबत गावातला माणूस हवाच. आणि चाकरमानी, तुमच्या प्रस्तावात घोळ इथेच आहे. बाण रंगवलेत तर वाटाड्याला कोण घेईल? पाहुणा बाण बघत गडावर जाईल, खाली उतरेल, फेरीबोट धरून खाडीपलीकडे बागमांडल्याला जाईल. गावाला काय मिळालं? चहाचे दहा रुपये.

चाकरमानी
हा मुद्दा बैठकीत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बाण रद्द. त्या पैशांत श्रावण सरला की गवत काढायला दोन माणसं लावू आणि गावातल्या पोरांना वाटाड्याचे दर ठरवून देऊ. गाव नकाशाची प्रतही मागवतो, निघेल ते निघेल.

पण मोबाईलच्या नकाशावर गडाची वाट मी टाकणार. गडावर आता गाडी जाते, पायवाट कुठून चढते हे पुढच्या पिढीतल्या पोराला विचारायलाही कुणी उरणार नाही.

भरती-सुकती
गडाची टाका. खाडीकाठची टाकलीत तर खाली माझा नंबर द्यावा लागेल, चिखलातून काढायला.

तांबडी माती
टाका. आमच्या अंगणातला तुकडा वगळून.

सातबारा
तो तुकडा गाव नकाशावर तुटक रेषेत असला तर वगळता येणार नाही, ताई. प्रत आली की बघू.