बाळ दिवसभर माझ्याकडे, पण सगळे म्हणतात आईच हवी

रामबागकर, इंदूर
मुलीचं वरचं खाणं नुकतंच सुरू झालंय. बायकोची 26 आठवड्यांची रजा संपली, ती बँकेत रुजू झाली. मी घरी बसून हिशेबाची कामं करतो, म्हणून दिवसभर बाळ माझ्याकडे. आई आहे, पण तिच्या गुडघ्यांमुळे उचलून घेणं तिला होत नाही.

दिवस बरा जातो. झोप आली की पोरगी डावा कान ओढते, भूक लागली की मूठ तोंडात घालते. नाचणीची पेज पातळ झाली तर फुर्रकन माझ्या चष्म्यावर. हे सगळं आता पाठ आहे. तरी येणारा-जाणारा ऐकवून जातो. शेजारचे भाईसाब तर म्हणाले, "भिया, बच्चा तो मां ही पालती है." दवाखान्यातही पहिला प्रश्न "मम्मी कहाँ है?"

लोकांचं सोडा. संध्याकाळी बायको घेते तेव्हा मुलगी माझ्याकडे झेपावते आणि बायकोचं तोंड उतरतं. आईकडे उपजत काही असतं, तर असं का व्हावं?

लोकमान्यनगरची आजी
बाळा, आमच्या ह्यांनी थोरल्याला सासूबाईंसमोर कधी मांडीवर घेतलं नाही. येत नव्हतं म्हणून नाही, वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर घेणं बरं दिसत नसे. रात्री माडीवर मात्र तेच खांद्यावर घेऊन ढेकर काढायचे, माझ्यापेक्षा लवकर निघायची. खाली कोणाला पत्ता नाही.

आणि सूनबाई दमून येते तेव्हा लगेच पोर तिच्या हातात देऊ नकोस. हातपाय धुऊ दे, चहा घेऊ दे. मग अंगावर पाजू दे आणि तू खोलीतून बाहेर जा. तू समोर दिसलास की ती तुझ्याकडेच येणार.

शरीरशास्त्राची मास्तरीण
गर्भ, बाळंतपण आणि अंगावरचं दूध आईचंच, त्यात वाद नाही. पण बाकीचं करता करता येतं आणि त्याने बापाचं शरीरही बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबूत 600 हून अधिक पुरुषांना काही वर्षांच्या अंतराने तपासलं होतं, निष्कर्ष 2011 मध्ये आले. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, चांगलंच उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करणाऱ्यांचं सर्वात कमी होतं. तुमची मुलगी तुमच्याकडे झेपावते कारण दिवसभर तुम्ही असता. आईवरची माया त्याने कमी होत नाही, हे वहिनींना जरूर सांगा.

दोन पोरांची आई
माझं थोडं वाकडं मत. रामबागकर, तुम्ही लंगोट बदलला की लोक "किती करतो हो!" म्हणत असतील. टोमणा तुम्हालाच बसतो असं नाही, तिला रोज बसतो: "एवढ्याशाला टाकून कशी जाते?" ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

उपजत म्हणाल तर मला पहिल्या महिन्यात दुपटं नीट गुंडाळता येत नव्हतं. रात्री दुसरं कोणी उठत नव्हतं म्हणून शिकले. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस रजा, खाजगीत कायद्याने एकही नाही. मग सगळे मिळून म्हणणार, पुरुषाला जमत नाही. गंमत म्हणजे 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, पण नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, मग आई. सांभाळायला ती, सहीला तुम्ही!

रामबागकर, इंदूर
ताई, बरोबर आहे. बायकोला विचारलं, टोमण्यांची यादी बरीच लांब निघाली, त्यात आमची एक आत्याही आहे. आजी, चहाचं लागू पडतंय. संध्याकाळचं न्हाणं आता बायकोचं, मी त्या वेळी भाजी आणायला सटकतो. फक्त टाळूवर तेल कोणी घालायचं यावरून आई आणि बायको यांच्यात सध्या बोलणी चालू आहेत, त्यात मी पडत नाही.