आस्गर योर्न : बंडखोर, की दुसऱ्यांच्या चित्रांवर रंग फासणारा?

मृगजळ :
काल येथे एका सदस्याने निकाल दिला की, डॅनिश चित्रकार योर्नने जुन्या बाजारातील परक्यांची चित्रे रंगवून बिघडवली, म्हणून २०२२ मध्ये डेन्मार्कमधील सिल्केबोर्गच्या संग्रहालयात त्याच्या बदकाच्या पिल्लाच्या चित्रावर कुणी स्वतःचे छायाचित्र चिकटवून सही केली, यात हळहळण्यासारखे काही नाही. हे वाचून गप्प बसवत नाही. १९५९ मध्ये तळ्याकाठच्या त्या गुळगुळीत देखाव्यावर योर्नने भलेथोरले, भडक पिल्लू उभे केले, तेव्हा तो कॅनव्हास त्याने विकत घेतलेला होता. संग्रहालयातील चित्र मात्र सर्वांचे आहे. नाझी अंमलाखाली ‘हेल्हेस्टन’ हे कलाविषयक नियतकालिक काढण्यात पुढाकार घेणाऱ्या आणि १९४८ मध्ये इतरांसह ‘कोब्रा’ हा चित्रकारांचा गट उभारणाऱ्या चित्रकाराला चित्रे बिघडवणाऱ्यांच्या पंक्तीत बसवू नये.

कोरा कॅनव्हास :
बंडखोराच्या बचावासाठी खरेदीची पावती पुढे करावी लागते, हे मौजेचे आहे. माझे वडील चित्रकला शिक्षक होते. त्यांनी रंगवलेला नदीकाठचा देखावा एका नातेवाइकाने केवळ चौकट चांगली म्हणून मागून नेला आणि त्यावर देवाचे कॅलेंडर चिकटवले. मालकी त्याचीच होती! तळे रंगवणाऱ्या त्या अनामिकाला कुणी विचारले होते?

तिसरा गोल :
आपण मुख्य गोष्ट विसरत आहात. १९६४ मध्ये योर्नने अमेरिकेतील गुगेनहाइम कलापुरस्कार शिवराळ तार पाठवून नाकारला. आपल्याकडे लेखक स्वतःच प्रवेशिका भरतात आणि नाव आले नाही की परीक्षकांवर लेख लिहितात.

कोरा कॅनव्हास :
१९६४ पर्यंत त्याचे नाव झाले होते, चित्रे विकली जात होती. १९५१ मध्ये तो क्षयाने खंगून सिल्केबोर्गच्या रुग्णालयात पडला होता, तेव्हा ती तार गेली असती तर मी मानले असते.

मृगजळ :
हा कोतेपणा आहे. पैसे आल्यावर त्याने काय केले, तेही सांगा. सिच्युएशनिस्ट या बंडखोर कलावंत-विचारवंतांच्या गटातून १९६१ मध्ये बाहेर पडल्यावरही तो त्यांना पैसे पुरवत राहिला आणि स्वतःची व इतरांची हजारो चित्रे त्याने सिल्केबोर्गला देऊन टाकली.

तिसरा गोल :
आणि तरीही पुरस्कारासाठी अर्ज केला नाही!

कोरा कॅनव्हास :
ठीक आहे, योर्न दाता होता. त्याचा पुतळा उभारा. परंतु जुनी चित्रे टाकून न देता त्यांवर चार फटकारे मारून ती आधुनिक करा, असे संग्रहालयांना त्यानेच १९५९ मध्ये लिहून सुचवले होते. त्याचा सल्ला कुणी त्याच्याच बदकावर अमलात आणला, तर आपण सुरक्षारक्षकांच्या बाजूने का उभे राहता?

मृगजळ :
कारण योर्नच्या पिल्लामागे ते घर आणि ते तळे अजून दिसते, आणि त्या गोडव्याशी भांडूनच चित्र उभे राहते. छायाचित्र चिकटवतानाचे मात्र थेट चित्रीकरण चालले होते, म्हणजे तो प्रसिद्धीचा खेळ होता. शिवाय योर्नने स्वतःलाही सोडले नाही. ‘स्टालिनग्राड’ हे चित्र तो १९५७ पासून १९७२ पर्यंत पुनःपुन्हा बदलत राहिला.

कोरा कॅनव्हास :
स्वतःच्या चित्रावर रंग फासायला कुणाचीच हरकत नव्हती.