मदत हवी आहे: आज्ञा देवाने दिल्या की देवदूतांनी?

येत्या रविवारी कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना दहा आज्ञा शिकवायच्यात आणि मीच अडकलेय. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात देव स्वतः बोलतो, देवदूताचा उल्लेखही नाही. पण गलतीकरांस पत्र 3:19 नुसार नियमशास्त्र (ज्यात या आज्ञाही येतात) देवदूतांच्या द्वारे आलं, तेही 'उल्लंघनांमुळे'. म्हणजे पाप रोखायला, की पाप दाखवून द्यायला? आणि इब्री 1:14 प्रमाणे देवदूत जर सेवा करणारे आत्मे, तर शरीराशिवाय त्यांनी दिलं कसं? (हा प्रश्न नऊ वर्षांच्या एका पोराचा. पंखांचं विचारून झालंय त्याचं!)

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुण्यात कुठे बघायला मिळेल? 3:19 मधला त्यांचा शब्द पाहायचाय. शनिवारपर्यंत कळलं तर बरं.