अनुभव धागा: जुनी पिकअप घेतली, आता तेल कुठून गळतंय?

शिवारफेरी
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवीन फलक लागलाय, "ज्यांच्या वाहनातून ऑइल गळते त्यांनी खाली ट्रे ठेवावा." वाचलं आणि एकदम आबांची पिकअप आठवली.

आबा म्हणजे माझे सासरे. टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जायचा. ऐन तोडणीत भाड्याची गाडी मिळायची नाही, मिळाली तर गाडीवाला मागेल तो भाव. शेवटी म्हणाले, आपलीच घेऊ, जुनी का असेना. गाडी बघायला गेलो तर विकणाऱ्याने इंजिन डिझेलने धुवून लखलखीत ठेवलेलं. आबा खूश. बरोबर नेलेल्या मिस्त्रींचं तोंड मात्र वाकडं. "शेतात चालणारी गाडी आणि इंजिनावर धूळ नाही? काहीतरी पुसलंय."

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि त्याच भोकावर उलटं ठेवून दिलं. झाकण नुसतं थरथरत राहिलं, उडालं नाही. धुराचे भपकेही नाहीत. "बॅक मारत नाही, म्हणजे पिस्टनच्या कडेने फारसा गॅस खाली येत नाही. इंजिन चांगलंय. गळती असणार, ती काढू. पैसे पाडून घ्या." घेतले पाडून.

घरी आणली आणि सकाळी खाली काळा डाग. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, चेंबरचं (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पॅकिंग गेलं. दिरांनी चेंबरचे सगळे बोल्ट आवळले, डाग तेवढाच. मिस्त्री आले ते आधी त्यांच्यावरच ओरडले. चेंबर पत्र्याचं असतं, जास्त आवळलं की बोल्टापाशी पत्रा दबतो आणि मधली कड उचलते. मग म्हणाले, "पत्र्याच्या घरात पाणी जिथं टपकतं तिथंच भोक असतं का? तसंच हे. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं जातं. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची."

इंजिन धुतलं, वाळवलं, आणि सासूबाईंचा पावडरचा डबा घेऊन त्यावर सगळीकडे पावडर मारली. ओझरच्या गणपतीला जाऊन आलो. बॉनेट उघडलं तर पांढऱ्यावर एक काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनाच्या अंगावरून थेट चेंबरच्या कडेपर्यंत. रबराचं पॅकिंग वाळून कडक झालं होतं. काही शे रुपयांचं काम.

तर टाका तुमचेही किस्से. घेताना काय बघितलंत, गळती कुठे निघाली, कोणी शोधली.

निवांत_नाना
ट्रे ठेवा म्हणतात म्हणजे सज्जन सोसायटी. आमच्याकडे सरळ मेंटेनन्सच्या बिलात लावतात.

डिझेल_काका
मिस्त्री जाणकार होते तुमचे. मी पुष्कळ वर्षं गॅरेजमध्ये काढली म्हणून थोडं पुढचं सांगतो.

डाग दिसला की आधी बोट लावा आणि वास घ्या. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल. जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर किंवा डिफरन्शियलचं, मग इंजिनाकडे बघूच नका. लाल असेल तर पॉवर स्टिअरिंग. हिरवं किंवा गुलाबी पाणचट म्हणजे कूलंट. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा, म्हणजे थेंब इंजिनाखाली पडतोय की गिअरबॉक्सखाली ते सकाळी कळतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून, खालच्या भोकातून थेंब येत असेल तर बहुतेक क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, मागचं सील. सील स्वस्त, मजुरी महाग, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या. पण उतरवण्याआधी वर बघा!! टॅपेट कव्हरचं तेल मागच्या बाजूने उतरून त्याच भोकातून टपकतं. त्या नादात चांगली सीलं बदलली गेलेली मी पाहिलीत.

देवरुखकरीण
आमच्याकडे आंब्याच्या हंगामात गाडी आंबा घाट चढून कोल्हापूरला जायची. गाडी भावोजींची पण पेट्या भरायला आम्ही सगळे. तेल कमी व्हायचं आणि खाली डागच नाही! सगळ्यांचं ठरलं की तेल जळतंय, इंजिन काढा. मेस्त्री बघायला आला तर ऑइल प्रेशरचा स्विच असतो ना बारीकसा, त्यातून गाडी चालू असताना पिचकारी. गाडी बंद की प्रेशर बंद की गळती बंद. सगळं तेल रस्त्यावर

कुकर झाला, येते

घाटावरचा
@देवरुखकरीण हे भारी आहे. म्हणजे गाडी चालू ठेवूनच खाली बघायला पाहिजे.

डिझेल_काका
चालू ठेवून बघा, पण जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. आणि फॅनपाशी साडीचा पदर, ओढणी, उपरणं काही नको.

उद्यमनगरी
मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या बोअरिंगच्या कामाला होतो. झाकण उलटं ठेवायची ट्रिक आमच्याकडेही सगळे करतात. पण झाकण उडालं म्हणजे लगेच इंजिन बाद असं नाही हो.

आमच्याकडे एकजण पिकअप घेऊन आला होता. पुढचं क्रँक सील बदललं तर टायमिंग कव्हरमधून तेल. ते बसवलं तर टॅपेट कव्हरमधून. ते केलं तर डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) आपोआप वर यायची. एक भोक बुजवलं की दुसरं. मिस्त्री बदलत बदलत आमच्यापर्यंत आला. आमच्या मालकांनी पहिल्यांदा ब्रीदरचा पाइप काढला, काळ्या चिकट गाळाने पूर्ण बुजलेला. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर जायला ब्रीदर असतो. तो बंद झाला की तो गॅस सील ढकलतो. पाइप रॉकेलने साफ केला आणि निम्मी गळती गेली.

निम्मी म्हणतोय कारण पिस्टनच्या रिंगाही झिजलेल्या होत्याच. पुढे त्याने इंजिन उतरवलं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. पण ब्रीदर साफ नसता केला तर नव्या रिंगा टाकूनही गळालं असतं.

ढेकळं
आमचा मिस्त्री सिलिकॉन म्हणजे रामबाण समजतो. पॅकिंग लावायच्या ऐवजी ट्यूबच पिळतो. बाहेरून बघितलं तर इंजिनाला मिशा

उद्यमनगरी
@ढेकळं हसू नका, ते जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. आतलं तुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. मग तेल असून प्रेशर नाही. बारीक धार पुरते, आणि दोन्ही कडा कोरड्या पाहिजेत.

टेक्सासतात्या
इकडे ह्यूस्टनजवळ आहे. इथे पिकअप म्हणजे घरटी एक, मीही हौसेने जुनी घेतली. साताऱ्याला वडिलांना फोन केला तर म्हणाले, "तिथं जाऊन शेवटी टेम्पोच घेतलास?"

तेल गळायचं, आणि ड्राइव्हवेवर डाग पडले की शेजारी बोलत नाहीत, पत्र पाठवतात. मांजरांच्या ट्रेमध्ये घालायची माती मिळते ती डागावर पसरायची, बुटाने रगडायची, दुसऱ्या दिवशी झाडून काढायची. बरंच तेल शोषलं जातं.

शोधायला मी रंगाची बाटली वापरली. इंजिन ऑइलमध्ये थोडा चमकणारा रंग ओतायचा, गाडी फिरवायची, आणि रात्री अतिनील बॅटरी मारायची. गळती पिवळी-हिरवी चमकते. माझी निघाली ऑइल फिल्टरच्या बुडाशी. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलेलं आणि आधीच्या मालकाने त्याच्यावरच नवा फिल्टर फिरवलेला. दोन रबरं एकावर एक. फिल्टर बदलताना बोट फिरवून बघत जा.

निवांत_नाना
मांजरांची माती!! आमच्याकडे लाकडाचा भुसा टाकतात. तुमच्याकडे मांजर आहे का पण?

टेक्सासतात्या
नाही. दुकानदार दरवेळी मांजराचं नाव विचारतो.

पाचगणीची_मुलगी
मला वेगळंच विचारायचंय. गाडी बघायला गेलो होतो, तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस होता. भाऊ म्हणतो हेड पॅकिंग गेलंय, तेलात पाणी शिरतंय, नको. मालक म्हणतो पावसाळ्यात असं होतंच. खरं कोण?

ढेकळं
भाऊ. पळा तिथून.

डिझेल_काका
दोघंही बरोबर असू शकतात. पाचगणीच्या पावसात गाडी रोज एक-दोन किलोमीटर चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली थंड होऊन फेस धरते. झाकण पुसा, गाडी वाईपर्यंत उतरवून परत वर आणा, चांगली तापू द्या, आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं, रेडिएटरचं पाणी कमी झालं किंवा पाण्यात बुडबुडे आले तर भावाचं ऐका. रेडिएटरचं झाकण मात्र गाडी थंड असतानाच उघडा.

पाचगणीची_मुलगी
थँक्यू काका 🙏 पसरणी घाट उतरून दाखवा म्हणते मालकाला.

देवरुखकरीण
आले परत. वर लिहायचं राहिलं, स्विच बदलल्यावर मेस्त्रीने पैसे घेतले नाहीत, दोन डझन हापूस घेतला 😀

घाटावरचा
मग स्विच फारच महाग पडला.

देवरुखकरीण
हाहा. डागी होते, पेटीत जाणारे नव्हते. साठं घालणार होते खरं तर.

लेकुरवाळी
@देवरुखकरीण साठं घालता का घरी? माझी दरवर्षी ताटाला चिकटतात. विषयांतर माफ.

देवरुखकरीण
ताटाला तुपाचं बोट फिरवायचं. आणि पहिला थर कडक वाळल्याशिवाय दुसरा नाही.

माळशेज_वारा
गळतीचा नाही पण घ्यायच्या गाडीचा अनुभव. आमच्या दाजींनी पिकअप घेतली, इंजिन एकदम कोरडं ठणठणीत, पण आरसी बुकावर बोजा तसाच. आधीच्या मालकाने कर्ज फेडलेलं, पण आरटीओत कोण जातंय. फायनान्सवाल्याच्या सहीचा फॉर्म ३५ आणि नाहरकत मिळेपर्यंत गाडी नावावर होईना. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नुसते पडून होते. मालवाहू गाडीचं फिटनेसही बघा. ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. दाजींची संपायलाच आलेली.

निवांत_नाना
आमच्याकडे आधी मॅटाडोर होती. २००५ मध्ये छोटा हत्ती बाजारात आला आणि भाऊ त्याच्या प्रेमातच पडला. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, तेही सीटखाली. सीट उचलली की गॅरेज सुरू. पावसात छत्री न धरता डिपस्टिक बघता येते, एवढं सुख मोठ्या गाडीत नाही. बाकी मॅटाडोरमधून आम्ही देवदर्शनाला किती माणसं नेली ते इथे लिहीत नाही.

एसटी_प्रेमी
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत डायनामोच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, त्याला इंजिनातून तेल जातं. तिथलं सील गेलं की तेल डायनामोत शिरतं, चार्जिंगचा दिवा लागतो आणि लोक बॅटरी बदलतात. पंपच कमजोर झाला तर ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होतो. घाटात माल भरलेली गाडी असेल तर विषय तेलाच्या डागाचा राहत नाही. डायनामो ओला दिसला तर उद्यावर टाकू नका.

डिझेल_काका
@एसटी_प्रेमी बरोबर. त्याचे रबरी पाइपही बघा, फुगलेले असतात.

घाटावरचा
माझा ड्रेन प्लग टपकतोय. आवळून आवळून थकलो.

डिझेल_काका
आवळू नका, चेंबरचे आटे जातील. तांब्याचं वॉशर बदला. तालुक्याला जाणं होत नसेल तर जुनंच लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. तेल मात्र डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच. गळतंय म्हणून लिटरभर जास्त ओतून ठेवणारे आहेत, ते तेल क्रँक घुसळतो आणि आणखी गळतं.

ढेकळं
काका, माझं मात्र खरंच मागचं सील आहे. वर सगळं कोरडं, पावडर मारून बघितली. रविवारी गिअरबॉक्स उतरवतोय. सील बसवताना काय बघू?

डिझेल_काका
स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे इंजिनाकडे. ओठाला तेलाचं बोट लावा, कोरडं बसवलं तर पहिल्याच फेरीत करपतं. क्रँकवर नख फिरवून बघा. जुन्या सीलाने खाच पाडली असेल तर नवीन सील त्याच खाचेवर येऊ देऊ नका, जागा असेल तर किंचित अलीकडे-पलीकडे बसवा. आणि हातोडी थेट सीलावर नको, सपाट लाकूड मध्ये धरून चारी बाजूंनी सारखं ठोका.

ढेकळं
बरं. मंचरच्या आसपास कोणाकडे गिअरबॉक्सचा जॅक आहे का? एका दिवसासाठी.

माळशेज_वारा
आहे, ओतूरला. पण एक चाक अडकतं त्याचं. नंबर इथे टाकू नका, निरोप करा.

ढेकळं
केला.

लेकुरवाळी
@देवरुखकरीण तूप साजूकच ना?